टिकल्या माशांची साक्ष

रविवारी सकाळी कुंभारीजवळच्या विडी कामगारांच्या वसाहतीत पाय ठेवायला जागा नव्हती. समाजमंदिरासमोरच्या पटांगणात पाच-सहाशे माणसं उन्हात ताटकळत उभी होती. बायका विड्यांची सुपं तशीच टाकून आल्या होत्या, पोरं टाकीच्या जिन्यावर चढली होती, आणि ज्यांना काही दिसत नव्हतं ते हात उंच करून मोबाइलवर टिपून घेत होते. मधोमध टेबल, टेबलावर भगवं फडकं, फडक्यावर काचेचा गोल. गोलात चार तांबे पाणी आणि पाण्यात बोटाएवढे पाच मासे. त्यांच्यामागे दाढी कुरवाळत पाणीवाले कोंडीबा महाराज.

"नीट बघा," महाराज म्हणाले. "बाकीचे मासे खाली तळाला जात्यात. तळाला काय हाय? पाताळ. हा मासा कदी तळाला जात न्हाय. ह्याचं तोंड बघा, कायम आभाळाकडं. का? त्याचं देवाशी बोलणं चाललेलं असतंय. आन् कपाळावर चमकतंय ते काय? तिसरा डोळा. अमेरिकेचे शास्त्रज्ञ तीनदा येऊन गेले, डोस्कं धरून बसले. म्हणाले, महाराज, आमच्या पुस्तकात हे न्हाय."

अमेरिकेचे शास्त्रज्ञ कुंभारीपर्यंत कोणत्या एसटीनं आले होते, हे कुणी विचारलं नाही. महाराजांनी हळदीच्या पाण्यात हात धुतला, मंत्र पुटपुटला आणि एक बोट पाण्याला टेकवलं. पाचही मासे सरसर त्या बोटाशी आले आणि त्याला चुटूचुटू चोखू लागले. गर्दीतून सुस्कारा निघाला. कितीतरी हात जोडले गेले.

मागच्या बाजूला, खांद्याला फवारणीचा पंप अडकवलेल्या मायाप्पाचे हात मात्र जोडले गेले नाहीत. तो मासे निरखत होता. त्यातल्या एकाची शेपटी डावीकडे फाटलेली होती. ती फाटली त्या दिवशी मायाप्पाला जेवण गेलं नव्हतं. मासे त्याच्या घरचे होते.

मायाप्पा मूळचा वैरागकडचा, धनगराच्या घरचा. लहानपणी मेंढरं पाणी प्यायला बसली की तो विहिरीच्या काठावर पालथा पडून हे मासे बघायचा. माथ्यावर चांदीच्या टिकलीसारखा ठिपका, म्हणून तो त्यांना टिकल्या म्हणायचा. पुढं मेंढरं गेली, तो शहराकडं आला आणि आरोग्य खात्यात फवारणीच्या कामाला लागला. घरोघरी पिंपं तपासायची, अळ्या दिसल्या तर पाणी ओतायला लावायचं, नाहीतर त्यात गप्पी मासे सोडायचे. पण टिकल्यांचा नाद सुटला नाही. बायकोनं, मथुराबाईनं, शिलाईमशीनसाठी राखून ठेवलेल्या टेबलावर त्यानं तीन फुटांची काचेची टाकी आणून ठेवली आणि विहिरीतल्या टिकल्या तिच्यात वाढवल्या. हे मासे वरच राहतात आणि भ्याले की हातभर उडी मारतात, म्हणून टाकीला जाळीचं झाकण केलं. बोटाच्या टोकावर डासाची अळी घेऊन तो ते पाण्याला टेकवायचा आणि मासे धावत यायचे. ह्यात देव कुठंच नव्हता. त्यांचं खाणं वरून पडतं, म्हणून त्यांचं तोंड वर वळलेलं. बोट म्हणजे जेवण, हे त्यांना मायाप्पानंच शिकवलं होतं.

दोन महिन्यांपूर्वी एक सभ्य दिसणारा माणूस स्टीलचा डबा घेऊन आला होता. मठाच्या हौदात डास झालेत म्हणाला. मायाप्पानं मोठ्या कौतुकानं त्याला अकरा टिकल्या दिल्या, खायला कसं घालायचं तेही दाखवलं. तो माणूस आता महाराजांच्या शेजारी ताम्हण धरून उभा होता.

मायाप्पा पुढं सरकणार, तेवढ्यात महाराजांनी आवाज चढवला. म्हणाले, साध्या माणसाच्या बोटाशी मासे येतात. ज्याच्या हातात करणी आहे त्याचा हात पाण्यात गेला की ते पाण्यात राहत नाहीत. मग त्यांनी युवराजला पुढं बोलावलं.

युवराज वसाहतीतलाच, टेम्पो चालवणारा. त्याची चार वर्षांची मुलगी राजनंदिनी तीन आठवड्यांपूर्वी तापानं गेली होती. सोमवारी ताप चढला, गुरुवारी पोर संपली. तेव्हापासून युवराज धड जेवला नव्हता, झोपला नव्हता. डॉक्टरांनी कागदावर डेंगी लिहिलं होतं, पण कागदावरच्या शब्दाशी भांडता येत नाही. महाराजांनी त्याला भांडायला माणूस मिळवून दिलं. तुझ्या भिंतीला भिंत लागून एक विधवा राहते, ती तुझ्या पोरीला हातानं भरवायची, एवढंच ते बोलले. नाव युवराजनंच घेतलं.

"जा, घेऊन ये तिला," महाराज म्हणाले. "असंल तशी आण. हात धुऊ द्यायचा न्हाय. हात धुतला की करणी धुतली जाती."

सगळी लबाडी ह्या एका वाक्यात होती आणि ती पाच-सहाशे माणसांनी आपल्या कानांनी ऐकली. मायाप्पानंही ऐकली. कुणालाच काही कळलं नाही.

रत्नम्मा साठीची होती. चाळीस वर्षं विड्या वळून तिच्या पाठीला बाक आला होता. तिला घरातून ओढत आणलं तेव्हा अर्धी विडी तिच्या बोटांत तशीच होती आणि तंबाखूची पिशवी काखेत दाबलेली होती. तिला वाटलं, पोलीस आलेत. महाराजांनी तिचा उजवा हात मनगटापर्यंत गोलात घालायला लावला, मूठ उघडमीट करायला सांगितली आणि लांबलचक मंत्र सुरू केला.

मंत्र निम्म्यावर आला असेल नसेल, मासे वेड्यासारखे गरगरू लागले. एकानं काचेवर डोकं आपटलं. मग फाटक्या शेपटीचा मासा ताडकन उडून फडक्यावर पडला, त्याच्यामागोमाग दुसरा उडाला तो पहिल्या रांगेतल्या बाईच्या पायावर. उरलेले तिघे पाण्यातच उलटे झाले, अंगाला झटके देत. पटांगण एकदम शांत झालं. त्या शांततेत महाराज हळूच म्हणाले, "मी काय बोललो न्हाय. माशांनी सांगितलं."

पहिली चप्पल मागून आली. मग कुणीतरी रत्नम्माचे केस धरले. ती खाली पडली आणि तिच्यावर माणसं पडली. लाथा, बुक्क्या, एकाच्या हातात झाडूचा दांडा. ज्यांचं तिच्याशी कधी साधं भांडणही झालं नव्हतं, त्यांनीही हात धुऊन घेतले. तिनं ज्यांची बाळंतपणं निस्तरली होती त्या दोघी-तिघी तोंडात पदर धरून बघत राहिल्या. युवराजनं तिला उचलून टेबलाशी आणलं, तिचा उजवा हात टेबलाच्या कडेवर दाबून धरला आणि विटेनं ठेचला. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळेला तिचा आवाजच आला नाही.

मायाप्पा गर्दी फोडून पोचला तेव्हा वीट चौथ्यांदा वर गेली होती. त्यानं युवराजचं मनगट धरलं आणि मासे माझे आहेत, माझ्या घरचे आहेत, असं तो ओरडू लागला. त्याचं बोलणं कुणाला ऐकू गेलं नाही. त्याच्याच पंपाची दांडी कुणीतरी उपसली आणि त्याच्या डोक्यात घातली. डोळ्यांवर रक्त उतरलं तरी तो रत्नम्मावर आडवा पडून राहिला. पाठीवर पडतील तेवढे तडाखे त्यानं खाल्ले. शेवटी मल्लव्वा नावाची एक धिप्पाड विडीवाली रिक्षा घेऊन थेट गर्दीत घुसली आणि दोघांना तिनं आत ओढलं.

रिक्षात रत्नम्मा शुद्धीवर आली. काखेतली पिशवी फाटली होती. "तंबाखू सांडली की रे," एवढंच ती म्हणाली आणि पुन्हा डोळे मिटले. सांडलेली तंबाखू मायाप्पानं सीटवरून दोन्ही हातांनी गोळा केली, पिशवीत भरली आणि पिशवी खिशात ठेवली. त्या घटकेला तिच्यासाठी दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

दवाखान्यात त्याच्या डोक्याला पाच टाके पडले. पोलीस येऊन जबाब घेऊन गेले. महाराज मोटारसायकलवरून पसार झाले होते. दिवस मावळायच्या आत मायाप्पा घरी आला. टाकीशेजारी दोन शेरांच्या बरणीत टिकल्यांची चार वाढती पिल्लं वेगळी ठेवली होती. बरणीत एक सडकं पान दिसलं म्हणून त्यानं सवयीनं हात घातला आणि बोटांनी तळ चाचपला.

पिल्लं गरगरू लागली. एक उडालं आणि भिंतीवर आपटलं. दुसरं पाण्यावर आडवं होऊन थरथरायला लागलं.

मायाप्पानं हात बाहेर ओढला. तो बाबाबुवांना कधी मानत आला नव्हता. पण रत्नम्माला उचललं, आता ते आपल्याला लागलं, हा विचार त्याच्या मनात आला आणि चांगला मिनिटभर टिकला. पुढं तो हे लपवत नसे. मीही मिनिटभर महाराजांचा भगत होतो, असं सांगत असे.

मथुराबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. "हात धुवा की आदी," त्या म्हणाल्या. "सगळ्या अंगाला तंबाखूचा वास मारतोय."

मायाप्पानं बोटं नाकाशी नेली. मग तो तसाच खाली बसला.

थोड्या वेळानं त्यानं दोन पातेल्यांत सारखंच पाणी घेतलं, दोन्हींत एकेक टिकली सोडली. हात तीनदा स्वच्छ धुऊन पहिल्या पातेल्यात घातला. टिकली बोटाशी येऊन चोखू लागली. मग रत्नम्माच्या पिशवीतली चिमूटभर तंबाखू बोटांना चोळली आणि हात दुसऱ्या पातेल्यात घातला. ती टिकली दोनदा उडाली, तिसऱ्यांदा उडायला तिच्यात जीव उरला नाही. आपल्या हातानं वाढवलेला मासा त्यानं जाणूनबुजून मारला होता. त्याला रडू आलं. पण आता काही अंधारात नव्हतं. तंबाखूत विष असतं, ते पाण्यात उतरतं आणि कल्ल्यावाटे माशाच्या अंगात भिनतं. पाणी थोडं असेल तर दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईच्या बोटांवरचा थर माशाला पुरेसा होतो. म्हणून महाराजांचा गोल लहान, म्हणून मूठ उघडमीट, म्हणून मंत्र लांब, आणि म्हणूनच हात धुऊ द्यायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात रत्नम्माकडे गेला. तिचा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता, एक डोळा सुजून मिटला होता. ती त्याच्याकडं न बघता बोलली.

"मायाप्पा, माशाला खोटं कुटं बोलता येतंय? माझ्याच हातात काय तरी असंल. पोरीला मीच भरवत हुते."

लोकांनी मारलं ते डॉक्टरांना दिसत होतं. हे मात्र दिसत नव्हतं. निम्म्या वसाहतीनं तिला चेटकीण म्हटलं होतं आणि तिलाही ते पटत चाललं होतं. मायाप्पानं तिला दोन पातेल्यांची गोष्ट सावकाश, पुन्हा पुन्हा सांगितली.

"तंबाखू तर हायच की हातात," ती म्हणाली. "चाळीस वर्षं हाय."

"तेवढंच हुतं, रत्नम्मा. दुसरं काय नव्हतं."

ती भिंतीकडं तोंड करून कितीतरी वेळ रडली.

मायाप्पानं ठाण्यात जाऊन सगळं लिहून दिलं. पोलीस महाराजांना आणि मारणाऱ्यांना शोधत होते. पण गुरुवारी दुपारी त्याला फोन आला की भगतांच्या जोरावर महाराज वसाहतीत परतलेत, रत्नम्माची साथीदार म्हणून त्यांनी मल्लव्वाचं नाव घेतलंय आणि तिला घरातून ओढून काढलंय. मायाप्पानं ठाण्यात फोन लावला, पोलिसांची वाट न बघता सहा टिकल्या बादलीत घेतल्या, चार पातेली पिशवीत टाकली आणि निघाला.

तो पोचला तेव्हा मल्लव्वाच्या कपाळातून रक्त येत होतं आणि चौघांनी तिला धरलं होतं. तरी ती शिव्या देत होती. मायाप्पानं महाराजांचा गोल ढकलून दिला. काच फुटली. त्या आवाजानं लोक क्षणभर दचकले आणि तेवढ्यात त्यानं बादली टेबलावर ठेवली.

"हे बी तिसऱ्या डोळ्याचेच मासे," तो म्हणाला. "महाराजांच्या माशांचेच भाऊबंद. मल्लव्वाची परीक्षा हितं व्हऊ द्या. महाराजांना भ्या वाटत असंल तर तसं सांगा."

महाराज बादलीतलं पाणी अपवित्र आहे वगैरे म्हणू लागले. पण लोकांना तमाशा हवा होता. मायाप्पानं एका पातेल्यात मासा सोडला, मल्लव्वाचे हात राखेनं घासून तीन पाण्यांनी धुतले आणि तिला बोट टेकवायला सांगितलं. टिकली आली आणि बोट चोखू लागली. मल्लव्वाला धरणारे हात सैल पडले.

मग तो युवराजकडं वळला. युवराज टेबलाशीच उभा होता, सवयीनं तळहातावर तंबाखू मळत. मायाप्पानं दुसऱ्या पातेल्यात मासा सोडला. "ती झाडून टाक आन् हात घाल," तो म्हणाला. "धुवायचा न्हाय. महाराजांचाच नेम हाय."

युवराजनं हात घातला. मंत्राची गरज पडली नाही. टिकली उडून त्याच्या छातीवर आपटली आणि पायाशी पडून तडफडू लागली.

मायाप्पा आता तंबाखूचं सांगणार होता. ते सांगायला त्याला वेळच मिळाला नाही. "पोरगी ह्यानंच खाल्ली," असं मागून कुणीतरी ओरडलं. पहिला दगड युवराजच्या कानावर बसला. रविवारी ज्यांनी त्याच्या बाजूनं रत्नम्माला तुडवलं होतं तेच त्याच्यावर चालून आले. तोच झाडूचा दांडा, तीच माणसं. युवराज पळाला नाही, हातही वर केला नाही. तो मेलेल्या माशाकडं बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्यालाही ते खरं वाटतंय.

मायाप्पा त्याच्यापुढं उभा राहिला. टाक्यांची पट्टी सुटून पुन्हा रक्त आलं.

"ह्याला मारू नका. ह्यानं रत्नम्माचा हात ठेचलाय, त्याचं कोरट बघंल. पोरीला ह्यानं मारलं न्हाय, रत्नम्मानंबी न्हाय. हे बघा काय हाय ते." त्यानं खिशातली पिशवी काढली, चिमूटभर तंबाखू तिसऱ्या पातेल्यात टाकली आणि बोटानं ढवळली. हात त्याचा, पाणी त्याचं, मासा त्याचा. मासा गरगरला, उडाला, मेला. "तंबाखू हाय ही. नुसती तंबाखू. विड्या वळणाऱ्या कुणाच्याबी हातानं मरंल."

मग मल्लव्वा कपाळाचं रक्त पुसत म्हणाली, "हितं तीनशे बायका विड्या वळत्यात. मग आमी सगळ्याच चेटकिणी का?"

बायका आपापल्या हातांकडं बघू लागल्या. पिवळी पडलेली बोटं, नखांत अडकलेला काळा चुरा. रविवारी रत्नम्माऐवजी महाराजांनी जिच्याकडं बोट दाखवलं असतं ती आज दवाखान्यात असती. हे एकीला कळलं, मग दुसरीला, आणि पटांगणभर कुजबूज पसरत गेली.

युवराज खाली बसला होता. मायाप्पा त्याच्याजवळ वाकला आणि हळू आवाजात बोलला. पोर गेल्यावर फवारणीला आलो तेव्हा तुमच्या पिंपात अळ्या होत्या, तेव्हाच सांगायला हवं होतं, जीभ रेटली नाही, असं म्हणाला. डास कुठल्या पिंपातला होता ते कुणी सांगू शकत नाही, पण होता डासच. युवराजनं ते ऐकलं आणि मग पहिल्यांदाच, तीन आठवड्यांत पहिल्यांदाच, तो मोठ्यानं रडला.

महाराज मोटारसायकलपर्यंत पोचले होते, पण तिथं बायकांनी त्यांना गाठलं. दाढी धरून खाली पाडलं, दोघी छातीवर बसल्या. एकीच्या हातात विड्यांची पानं कापायची कात्री होती. मायाप्पानं धावत जाऊन त्यांना सोडवलं, समाजमंदिरात कोंडलं आणि दाराला पाठ लावून बसला. त्या माणसासाठी त्यानं आणखी दोन दगड अंगावर घेतले. पोलीस आले तेव्हा त्याला धड उठताही येत नव्हतं.

चौकशीत सगळं बाहेर आलं. ताम्हण धरणाऱ्या माणसाला तंबाखूची सवय होती. सुरुवातीलाच त्याच्या हातानं तीन मासे मेले आणि महाराजांना धंदा सापडला. जादूटोणाविरोधी कायद्याखाली त्या दोघांवर गुन्हा दाखल झाला. युवराज आणि आणखी सातजणांना मारहाणीबद्दल अटक झाली. स्वतःच्याच मोबाइलमधल्या चित्रणांनी त्यांना पकडून दिलं.

रत्नम्मा दोन महिन्यांनी घरी आली. उजव्या हाताची तीन बोटं वळत नाहीत. विडी आता तिला वळता येत नाही. मल्लव्वा आणि इतर बायका आळीपाळीनं तिला जेवण देतात. काहीजणी मात्र अजूनही तिच्या दारावरून जाताना पोराला कडेवर घेतात. गोष्ट कळणं आणि ती मनात उतरणं ह्यांत बराच वेळ जातो.

मायाप्पा आता पिंपं तपासायला गेला की पाच मिनिटं जास्त थांबतो. टिकली तळाला का जात नाही, ताप कसा येतो, पोर आजारी पडलं तर पहिल्या दिवशी कुठं न्यायचं, ते सांगतो. परवा कुंभारीतल्या एका म्हातारीनं त्याला अडवलं. म्हणाली, तुला सगळंच ठाऊक असल्यागत बोलतोस, मग माझा धडधाकट नातू का गेला ते सांग.

मायाप्पानं पंप खाली ठेवला.

"आजी, मला ठाऊक न्हाय. डॉक्टरांना इचारू. त्यांनाबी ठाऊक नसंल तर ते तसं सांगतील. पण 'ठाऊक न्हाय' म्हटल्यानं कुणाची बोटं मोडत न्हाईत."